हे सर्वांना माहीत आहे

आमचे सर विद्यार्थ्यांना 'अहो' म्हणत. बाहेरच्या माणसाला यात काही विशेष वाटणार नाही. पण कोल्हापुरात पेठेतल्या पोराला कुणी 'अहो' म्हणालं, की तो आधी आपल्या मागं कोण उभं आहे ते बघतो. मागं कुणी नसलं, तर मार खायच्या तयारीला लागतो. पहिल्याच तासाला सरांनी "अहो, तुम्ही" अशी मला इतक्या मऊ आवाजात हाक मारली, की माझ्या शेजारचा पोरगा बाकावर हळूच लांब सरकला.

सर मूळचे गगनबावड्याचे. तिथं पाऊस पडायला लागला की माणसाला आपलं स्वतःचं अंगणही दिसत नाही म्हणतात. सरांना कोल्हापुरात नोकरीला येऊन निम्मं आयुष्य झालं, तरी त्यांच्या हातातली छत्री काही सुटली नाही. मे महिन्यातसुद्धा छत्री. आता ती पावसासाठी राहिली नव्हती. दुकानांच्या पाट्यांकडं बोट दाखवायला ते छत्रीचं टोक वापरत. एका मिसळवाल्याच्या दारात 'सुप्रसिद्ध' ही अक्षरं छत्रीनं दाखवत त्यांनी गल्ल्यावरच्या मालकाला विचारलं होतं, "हे कशावरून?" मालक गांगरला. म्हणाला, "खाऊन बघा की सर!" सरांनी खाल्ली, घाम पुसला आणि म्हणाले, "चांगली आहे हे कळलं. प्रसिद्ध आहे हे अजून नाही कळलं." तेव्हापासून सर दिसले की तो मालक गल्ला सोडून आत जायचा.

सर समाजशास्त्र शिकवत. म्हणजे वेळापत्रकात तसं छापलेलं होतं. प्रत्यक्षात ते आम्हाला लिहायला शिकवत होते, आणि आपलं लिहायचं शिकणं पहिलीतच उरकलं अशी तर आमची खात्री होती. बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला एक प्रकल्प असे. विषय निवडायचा, माणसांना भेटायचं, माहिती गोळा करून नीट मांडायची आणि शेवटी सरांची सही घ्यायची. सही नाही तर वर्ष नाही, वर्ष नाही तर एम.ए. नाही. आणि एम.ए. नाही तर मी मामाच्या सेंट्रिंगच्या कामावर जायचं, हे घरात ठरूनच गेलं होतं. मामानं माझ्यासाठी हेल्मेटसुद्धा बाजूला काढून ठेवलं होतं.

सरांच्या हातात कुठलाही निबंध दिला, की ते पहिल्या परिच्छेदावर न वाचताच एक तिरकी रेघ मारायचे. माझा परिच्छेद 'आजच्या धकाधकीच्या युगात मानवी जीवनात खेळाला अनन्यसाधारण महत्त्व आहे' असा होता. तो लिहायला मला एक अख्खी संध्याकाळ लागली होती.

"सर, वाचला तरी का?" मी विचारलं.

"नाही," सर म्हणाले. "ही किक आहे. तुमची गाडी सुरू होत नव्हती म्हणून तुम्ही मारलीत. गाडी जिथं सुरू झाली, तिथून मी वाचतो."

मला राग आला, पण पुढं बघितलं तर दुसऱ्या परिच्छेदापासून माझी गाडी खरोखरच चालायला लागली होती. वर्गातली पोरं काही कमी नव्हती. एकानं पुढच्या खेपेला पहिल्या परिच्छेदाच्या जागी घरचं वाणसामान लिहून दिलं. साखर, शेंगदाणे, कपड्याचा साबण. सरांनी नेहमीसारखी रेघ मारली आणि दुसऱ्या परिच्छेदाचं तोंड भरून कौतुक केलं.

आमच्या प्रकल्पांची दुसरी खोड म्हणजे आभार. आम्ही पोरं चौकातल्या वाढदिवसाच्या फलकांवर वाढलेली. एखाद्याचं नाव राहिलं तर केवढं रामायण होतं, हे आम्ही डोळ्यांनी बघितलेलं. म्हणून माझ्या प्रकल्पाच्या सुरुवातीला तालमीचे अध्यक्ष, उपाध्यक्ष, माजी अध्यक्ष, नगरसेवक, त्यांचे बंधू अशी आदरणीय मंडळी ओळीनं उभी होती. आभार साडेतीन पानं आणि प्रस्तावना पाऊण पान.

सरांनी एका नावावर पेन ठेवलं. "या साहेबांनी तुम्हाला काय मदत केली?"

"काय न्हाय सर."

"मग?"

"नाव न्हाय घातलं तर राग येतोय त्यास्नी."

सर विचारात पडले. मग म्हणाले, "अहो, ज्याच्याकडून काही घेतलं त्याचं नाव सांगायचं, एवढाच याचा अर्थ. रागावर जाऊ नका. उद्या तुम्ही कुणाचं वाक्य घेतलंत आणि तो माणूस अगदी साधा असला, तरी त्याचं नाव आलं पाहिजे. आणि काही घेतलंच नसलं, तर साहेब असला तरी नाही." मी साडेतीन पानांच्या सात ओळी केल्या. त्या सात ओळींत कॉलेजच्या ग्रंथालयातल्या मावशी मात्र आल्या.

आता त्यांचा खास छंद सांगतो. कोल्हापूरकराच्या तोंडून 'माहीत नाही' हे दोन शब्द निघत नाहीत, असं सरांचं म्हणणं होतं. स्वतःच्या म्हणण्यालाही पुरावा पाहिजे, म्हणून ते एका शनिवारी आम्हा तिघा-चौघांना घेऊन रस्त्यावर उतरले. येईल-जाईल त्याला ते विचारायचे, "उंटाचा बोळ कुठं आला हो?" असा बोळ कोल्हापुरात नाही. तो सरांनी सकाळी दाढी करताना तयार केला होता.

पहिला माणूस मोटारसायकलवरून उतरलासुद्धा नाही. "पावणं, सरळ जावा. फुडं पिपळाचं झाड लागंल, तितनं डाव्या अंगाला वळा. तितं कुनालाबी इचारा."

दुसरा पानपट्टीवाला. त्यानं हळहळून मान हलवली. "उंटाचा बोळ व्हय? पाडला की त्यो! रस्ता मोठा केला तवा गेला."

तिसऱ्यानं तर कमाल केली. "आमच्या आत्तीचं घर हाय तितं," तो म्हणाला. "कुनाकडं जायाचंय?"

आम्ही हसू दाबून दाबून लाल झालो होतो. सर मात्र मनापासून आभार मानून पुढं चालत होते. शेवटी भाजीची पिशवी घेऊन एक म्हातारी येत होती, तिला विचारलं. ती थांबली, आठवून बघितलं आणि म्हणाली, "मला न्हाय बा ठावं. मी मुरगूडची. लेकीकडं आलीया."

सरांनी छत्री बगलेत मारली आणि तिला दोन्ही हात जोडून नमस्कार केला. म्हातारी बिचकली आणि झपाझप निघून गेली. सर आमच्याकडं वळून म्हणाले, "ऐकलंत? ठाऊक नाही असं सांगितलं, आणि का ठाऊक नाही तेही सांगितलं. तुमच्या प्रकल्पात मला असं एक वाक्य दाखवा, मी लगेच सही करतो."

आज मी स्वतः एका कॉलेजात शिकवतो. सर निवृत्त होऊन परत गगनबावड्याला गेले आहेत आणि फोनवर 'पाऊस कसा आहे' विचारलं तर 'दारात आहे, मागच्या बाजूचं सांगता येत नाही' असं उत्तर देतात. पोरांचे निबंध तपासताना माझा हातही पहिल्या परिच्छेदावर शिवशिवतो. पण हे सगळं मला खऱ्या अर्थानं कळलं ते आबांमुळं, म्हणजे माझ्या वडिलांमुळं.

कोल्हापूरच्या फुटबॉलला पेठा आणि तालमी कशा जोडलेल्या आहेत, हा माझ्या प्रकल्पाचा विषय. आबा आमच्या तालमीच्या फुटबॉल संघाचे एके काळचे गोलकीपर. पुढं महापालिकेच्या बसवर चालक झाले, निवृत्त झाले, पण पेठेत त्यांची ओळख गोलकीपर हीच. कारण एक फायनल. आमची पेठ आणि पलीकडची पेठ, शेवटची काही मिनिटं राहिलेली, बरोबरी. त्यांच्या फॉरवर्डनं शॉट मारला, आबांनी झेप घेतली आणि बॉल अंगाखाली दाबला. पलीकडची पेठ म्हणाली, बॉल रेषेच्या आत गेला, गोल झाला. आमची पेठ म्हणाली, आबांनी बाहेरच अडवला. दोन्ही गॅलऱ्या मैदानात उतरल्या. पंचांनी शहाणपणा केला आणि निकाल न देता मागच्या दारानं घर गाठलं. सामना तसाच राहिला. त्याला चाळीसेक वर्षं झाली होती, पण आमच्या कट्ट्यावर तो रोज संध्याकाळी परत खेळला जाई. तालमीच्या गणपतीचा पहिला नारळ आबांच्या हातून फुटे, तो या एका झेपेसाठी.

साहजिकच मी लिहिलं, 'त्या सामन्यात गोल झाला नव्हता, हे सर्वांना माहीत आहे.'

सरांनी 'सर्वांना' या शब्दाखाली रेघ मारली. "यांपैकी निदान दोघांना भेटून या. एक पलीकडच्या पेठेतला हवा. त्यांची बाजू तुम्ही लिहा आणि त्यांनाच वाचून दाखवा. ऐकून 'हो, आमचं म्हणणं हेच आहे' असं ते म्हणाले, तर तुम्हाला ती समजली. मग खुशाल खोडून काढा."

घरी मी आबांच्या कानावर घातलं. आबा ताटावर बसले होते.

"लिव की," ते म्हणाले. "पर गोल झाला आसं एक जरी वाक्य आलं, तर जेवाय मामाकडं जायाचं."

म्हणजे सरांचं ऐकलं नाही तर मामा, आणि ऐकलं तरी मामाच. मी दोन दिवस विचार केला आणि मग मुकाट्यानं पलीकडच्या पेठेत गेलो.

तो फॉरवर्ड तेव्हा सत्तरीकडं झुकलेला. शिलाई मशीन दुरुस्तीचं छोटं दुकान. सगळे त्यांना तात्या म्हणत.

"कुनाचा रं तू?"

मी आबांचं नाव सांगितलं. तात्यांनी तेलकट हात पुसले आणि स्टूल पुढं ओढलं. मी त्यांच्या पेठेची बाजू वाचून दाखवली. बॉल रेषेच्या आत कसा गेला, पंच कसे जवळ नव्हते, गोलकीपरनं बॉल मागनं पुढं कसा ओढला, सगळं. वाचताना आपल्याच पेठेशी हरामखोरी करतोय असं वाटत होतं.

"व्हय," तात्या म्हणाले. "आमची पेठ आसंच म्हनती. बराबर लिवलंस."

"आणि तुम्ही?"

तात्यांनी रस्त्याकडं बघितलं. मग खुर्ची जवळ घेऊन बारीक आवाजात म्हणाले, "म्या शॉट मारला आन् घसारलो. तोंडावर पडलोतो. मान वर केली तवर सगळी पेठ नाचाय लागलीती. मग मी बी नाचलो."

"म्हणजे तुम्ही बघितलंच नाही?"

"न्हाय की! बॉल तुझ्या बाच्या पोटाखाली हुता. त्येलाच इचारायचं हाय मला. पर आता कुटल्या तोंडानं जायाचं त्या पेठंत?"

मी घरी पोचायच्या आत मी कुठं गेलो होतो ते घरी पोचलं होतं. आबा दारातच उभे. "कोन त्यो मास्तर?" त्यांनी विचारलं. "चल, दाव मला." मी विनवण्या केल्या, पण आबा चप्पल घालून निघालेसुद्धा. वाटेत मी मनातल्या मनात सेंट्रिंगच्या फळ्या उचलत होतो.

सरांनी दार उघडलं आणि "या, या, बसा" म्हणाले. आबा बसले नाहीत. आमच्या तालमीचा अपमान, पोरांना काय शिकवताय, दुश्मनाच्या दारात पाठवताय, असं बरंच काही त्यांनी आख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं. सरांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "गोलकीपरनं चेंडूला हात लावला तर चालतो का?"

आबांचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. हे न ठाऊक असलेला माणूस त्यांना कोल्हापुरात पहिल्यांदाच भेटत होता. "म्हंजे? तुमी मॅच बघितली न्हाय कवा?"

"कधीच नाही. समजावून सांगाल?"

माणूस रागावलेला असला तरी फुटबॉल समजावून सांगायची संधी सोडील तर तो आमच्या पेठेतला नव्हे. आबांनी दोन खुर्च्या ओढून गोल उभा केला, मध्ये सरांचा पंचा रेष म्हणून अंथरला. सर उशी घेऊन फॉरवर्ड झाले. कोपऱ्यातनं शॉट कसा येतो, अंग कसं टाकायचं, कोपर कसं आत घ्यायचं, आबा दाखवत होते आणि सर शहाण्या पोरासारखं एकेक विचारत होते. पंधरा-वीस मिनिटांत आबांचा आवाज घरातल्याइतका खाली आला.

मग सर म्हणाले, "त्या दिवशी तुम्हाला काय दिसलं?"

"गोल झाला न्हवता!"

"ते नाही विचारलं मी. डोळ्यांना काय दिसलं?"

आबा वाकून जमिनीवरचा पंचा सरळ करायला लागले.  

"ऊन हुतं तोंडावर," शेवटी ते म्हणाले. "त्येचा बूट दिसला. मग माती आली डोळ्यांत. बॉल पोटाला लागला, येवडं कळलं. रेष माझ्या फुडं हुती का मागं..." त्यांनी मान हलवली. "उटलो तवर मला खांद्यावर घेतलंतं. मग काय बोलनार?"

"हे कुणाला सांगितलं नाहीत?"

"इचारलं कुनी? चाळीस वर्सं समदे मलाच सांगाय येत्यात, कसा अडीवला ते."

मी खाली मान घालून बसलो होतो. त्या 'समद्यां'त मीही होतो. लहानपणापासून ती झेप मीच त्यांना सांगत आलो होतो.

सर म्हणाले, "हे प्रकल्पात घ्यायचं की नाही, ते तुम्ही ठरवा. तुम्ही नको म्हणालात, तर यांना एक अक्षर लिहिता येणार नाही. सांगणाऱ्याच्या परवानगीशिवाय लिहायचं नसतं." आणि माझ्याकडं बघून पुढं म्हणाले, "पण मग ते जुनं वाक्यही ठेवता येणार नाही."

म्हणजे माझी सही आता आबांच्या हातात होती. आणि आबांच्या हातातला नारळ माझ्या. मला स्पष्ट वाटलं की आबांनी नाही म्हणावं आणि सुटावं. मी तसं म्हणणारही होतो.

तेवढ्यात आबांनी विचारलं, "त्यो काय म्हनतोय, पलीकडचा?"

मी तात्यांचं घसरणं सांगितलं. तोंडावर पडणं, मान वर करणं, मग सगळ्यांबरोबर नाचणं. आबा आधी माझ्याकडं बघतच राहिले. मग त्यांना जे हसू फुटलं, ते थांबेचना. डोळ्यांतनं पाणी आलं. "त्यो बी?" ते परत परत म्हणत होते. "आयला, त्यो बी?" सरही हसायला लागले. डोळे पुसून आबा म्हणाले, "लिव. मला दिसलं न्हाय म्हनून लिव. आन् का दिसलं न्हाय, ती माती, त्ये ऊन, त्येबी लिव. नुस्तं आंधळा हुता म्हनतील न्हायतर."

त्या घटकेला मला आबांचा जेवढा अभिमान वाटला, तेवढा त्या झेपेबद्दल कधी वाटला नव्हता. मी लिहिलं. सरांनी ते पान दोनदा वाचलं आणि सही केली.

आबांनी एक काम मात्र माझ्या आधी केलं. प्रकल्प जमा व्हायच्या आदल्या संध्याकाळी ते स्वतः कट्ट्यावर गेले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "बॉल आत गेला का भाईर, मला दिसलं न्हाय."  नारळ गेला, असं मी मनात म्हटलं. मग तालमीचे माजी अध्यक्ष आबांच्या अंगावरच आले. "तुला रं काय ठावं? आमी गॅलरीत हुतो! आमी डोळ्यानं बघितलंय!" सगळ्यांनी माना हलवल्या. आबांना गप्प बसवलं आणि ती झेप पुन्हा पहिल्यापासून सांगायला घेतली.

हे मी सरांना सांगितलं. सर हसले नाहीत. गंभीरपणे म्हणाले, "गॅलरीतून ती रेष दिसते का?"

रविवारी सकाळी आम्ही रिकाम्या मैदानावर होतो. शॉट कुठून मारला ते त्यालाच ठाऊक, म्हणून आबांनी तात्यांना निरोप धाडला होता, आणि तात्या बगलेत बॉल घेऊन आले होते.  तात्यांनी बॉल ठेवला, आबांनी तो पायानं वीतभर डावीकडं सरकवला, तात्यांनी मान डोलावली. आबा गोलात जाऊन उभे राहिले, गुडघ्यांवर हात ठेवून. सर गॅलरीत सगळ्यात वरच्या पायरीवर. कधी इकडं सरकून बघत होते, कधी डोळ्यांवर हात धरून. बऱ्याच वेळानं ते खाली उतरले आणि मैदान ओलांडून सरळ आबांच्या शेजारी, गोलात, येऊन उभे राहिले. समोरचं ऊन त्यांच्या तोंडावर आलं.

"तिथून काय दिसलं सर?" मी विचारलं.

"मला तरी रेष दिसली नाही, फार लांब आहे," सर म्हणाले. मग आबांकडं वळून म्हणाले, "केवढं मोठं दिसतं हो मैदान इथून!"

"व्हय," आबा समोर बघत म्हणाले. "गॅलरी दिसती. मानसं दिसत्यात. कोन काय वरडतंय त्येबी दिसतंय. निस्ता बॉल तेवडा दिसत न्हाय."